उत्तर आधी, कोडे नंतर
ठाकुरवाडीच्या अंगणात शिकलेली कोडे घडवण्याची रीत

माझ्याकडे दोन जाड वह्या आहेत. डाव्या पानावर कोडे, उजव्या पानावर त्याचे उत्तर, खाली वाडीचे नाव आणि तारीख. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी पायी हिंडून भरलेल्या या वह्यांचा मला बरीच वर्षे अभिमान होता. मी विद्यापीठातला माणूस नाही. लोकसाहित्याचा अभ्यास ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर आणि ओळखीपाळखीच्या ओट्यांवर झालेला. त्यामुळे संग्रह करणे म्हणजेच संशोधन, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत 'ठाकुरवाडी' नावाची एकच वस्ती नाही. डोंगराच्या सोंडेवर, ओढ्याच्या वरच्या अंगाला, माथेरानच्या पायथ्याशी, जिथे ठाकूर समाजाची घरे आहेत तिथे हे नाव पुन्हा पुन्हा ऐकू येते. नेमकी कोणती हे सांगायचे तर शेजारच्या मोठ्या गावाचे नाव पुढे जोडायचे. ठाकुरांत क ठाकूर आणि म ठाकूर असे दोन मोठे विभाग. या समाजावर ल. ना. चापेकर यांनी लिहिलेला 'ठाकूर्स ऑफ द सह्याद्री' हा इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. तो वाचूनच मी पहिल्यांदा वाडीची वाट धरली.

अशाच एका वाडीत एक आजी आहे. वाडीतली पोरे तिला आजी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. ती मला मास्तर म्हणते. मी मास्तर नाही, पण हातात वही असलेला माणूस वाडीत मास्तरच असतो. एका पावसाळी संध्याकाळी, वीज गेलेली असताना, मी वही उघडून पोरांना त्यांच्याच वाडीतली कोडी वाचून दाखवू लागलो. एखादे पोर अडले की उजव्या पानावरचे उत्तर सांगून पुढे जात होतो. आजी चुलीपाशी बसून ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली (तिचे बोल मी माझ्या मराठीत लिहितो आहे, तिची ठाकरी बोली मला लिहिता येत नाही), "मास्तर, उत्तर शेजारीच लिहून ठेवलंस? मग हे कोडं कसलं? ही तर वाण्याची यादी झाली."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "आमची इतकी नेलीस. आता तू एक घाल. तुझं."

मला घालता आले नाही. दोन वह्या कोडी जमवलेल्या माणसाला स्वतःचे एक कोडे रचता येत नव्हते. त्या संध्याकाळपासून मी वेगळा अभ्यास सुरू केला. कोडे कोठून आले हे शोधणे बाजूला ठेवून ते कसे घडते हे शिकू लागलो. त्यातून हाती आले ते इथे मांडतो. यातली सारी कोडी नवी आहेत. काही माझी, काही वाडीतल्या पोरांची आणि एक आजीचे.

नावांचा पसारा

कोडे, उखाणा, उमाणे, आहणा, कूट. मराठीत या एका गोष्टीसाठी इतकी नावे आहेत. कोकणात आणि गोव्यात उमाणे, हुमाणे ही रूपे कानावर येतात. आज 'उखाणा' म्हटले की लग्नात नाव घेणे एवढेच आठवते, पण उखाणा म्हणजे कोडे हा अर्थ मोल्सवर्थच्या कोशातही सापडतो. मला या दोन अर्थांत अंतर वाटत नाही. नवऱ्याचे नाव थेट घ्यायचे नाही, म्हणून ते दोन ओळींच्या आडोशाला ठेवून घ्यायचे. कोड्यातही नाव घ्यायचे नसते. नाव सोडून बाकी सारे सांगायचे असते.

ही रीत फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४ व्या सूक्तात बारा आऱ्यांच्या चाकाचे आणि त्यावर जोडीने उभ्या असलेल्या ७२० मुलांचे वर्णन येते. चाक म्हणजे वर्ष, आरे म्हणजे महिने, मुले म्हणजे ३६० दिवस आणि तितक्याच रात्री. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले. महाभारतात यक्षाच्या प्रश्नांवर चार भावांचे प्राण टांगलेले होते, तर ग्रीकांच्या गोष्टीत स्फिंक्सच्या कोड्यावर एका नगराचे. आपल्याकडे दुर्गा भागवत यांनी कोड्यांना स्वतंत्र ग्रंथाचा विषय मानले आणि भारतीय जीवनातल्या कोड्यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६५ साली आले.

घडवणाऱ्याच्या कामाचे मात्र मला दोन ठिकाणी सापडले. एक ॲरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'त. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की कोड्यात वस्तुस्थितीच सांगायची असते, पण अशक्य वाटेल अशा जोडणीत, आणि ती जोडणी रूपकाने साधते. दुसरे ठिकाण म्हणजे रॉबर्ट जॉर्जेस आणि ॲलन डंडेस या अमेरिकन अभ्यासकांचा १९६३ सालचा लेख. त्यांनी कोड्याचे दोन भाग पाडले: कोणाविषयी बोलले जाते ते आणि त्याच्याविषयी काय सांगितले जाते ते. मग कोड्यांच्या दोन जाती सांगितल्या. एकीत सांगितलेल्या गोष्टी परस्परांना छेद देतात, दुसरीत देत नाहीत. हे वाचल्यावर मी माझ्या वह्या पुन्हा चाळल्या. पोरांना आवडणारी, पुन्हा पुन्हा मागितली जाणारी कोडी बहुतेक पहिल्या जातीची निघाली.

पहिली पायरी: शेवटापासून सुरुवात

कोडे ऐकणारा प्रश्नाकडून उत्तराकडे जातो, पण घडवणाऱ्याला उलट जावे लागते. आधी उत्तर निवडायचे. माझी पहिली चूक इथेच झाली. मी 'काळ', 'मन', 'नशीब' असली मोठी उत्तरे निवडली. पोरांनी ऐकून घेतले आणि उठून खेळायला गेली. आजी म्हणाली, "जे हाताला लागत नाय त्याचं कोडं पोरं कशाला सोडवतील?"

पहिला नियम इतकाच: उत्तर ऐकणाऱ्याच्या अंगणात असले पाहिजे. त्याने ते पाहिलेले, हाताळलेले, शक्य तर त्याला कंटाळलेले असावे. कोड्याची गंमत अनोळखी वस्तू सांगण्यात नसते. रोजची वस्तू क्षणभर अनोळखी होते आणि मग पुन्हा ओळखीची होऊन परत येते, त्यात असते.

मी हापसा निवडला. वाडीच्या खालच्या अंगाला, सिमेंटच्या ओट्यावरचा हातपंप.

दुसरी पायरी: नाव विसरून पाहणे

वस्तू निवडली की तिचे नाव बाजूला ठेवायचे आणि ती जन्मात पहिल्यांदा पाहतो आहोत असे पाहायचे. मी पोरांना घेऊन हापशापाशी बसलो आणि जो जे पाहील ते त्याने सांगायचे ठरवले. एक पाय. एकच हात, तोही लांब. तोंड एकीकडे, हात दुसरीकडे. पाय किती खोल गेला आहे ते दिसत नाही. हात हलवला की पाणी. पोर लहान असेल तर हाताला लोंबकळावे लागते. घशातून आवाज येतो. एक मुलगी म्हणाली, "एप्रिलमध्ये नुसताच आवाज येतो, पाणी येत नाय."

या यादीत आकार, काम, आवाज, सवयी, सोबती आणि खोडी असे सगळे यावे. वस्तू कशी जन्मते, कशी मरते, तिला काय लागते आणि वर्षभरात ती कशी बदलते, हेही विचारावे. यादीत दहा-बारा गोष्टी तरी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिल्या चार गोष्टी कोणालाही सुचतात. कोडे बहुधा नवव्या-दहाव्या गोष्टीत दडलेले असते. आमच्या यादीत ते त्या मुलीच्या एप्रिलच्या वाक्यात होते.

तिसरी पायरी: छेद शोधणे

आता यादीतल्या कोणत्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की अशक्य वाटतात ते पाहायचे. एकच पाय आहे, तरी पडत नाही. हात आहे, पण तो दुसऱ्याने हलवावा लागतो. आवाज तोच, पण कधी पाणी येते, कधी येत नाही. हे छेद म्हणजे कोड्याचा कणा. ज्या वस्तूत असा छेद सापडत नाही ती वस्तू सोडून द्यावी. तिच्यावर कितीही यमके चढवली तरी ते वर्णनच राहते.

चौथी पायरी: एकच सोंग

छेद सापडला की वस्तूला दुसऱ्या कोणाचे तरी सोंग द्यायचे. माणूस, जनावर, घर, सासर-माहेर, काहीही. हापशाला आम्ही बाईचे सोंग दिले आणि कोडे असे झाले:

एका पायावर उभी, एकच तिला हात;
पावसाळ्यात हात धरला की रडते, उन्हाळ्यात नुसती कण्हते.

सोंग एकदा दिले की शेवटपर्यंत सांभाळावे लागते. पहिल्या मसुद्यात आम्ही मध्येच 'तिची शेपूट' आणली होती. बाईला शेपूट कुठून आली? ऐकणारा तिथेच भरकटतो. एका कोड्यात एकच सोंग चालते.

इथे मराठीची एक खास सोय आहे. आपल्या भाषेत वस्तूला लिंग असते आणि ते क्रियापदातून बाहेर पडते. 'उभा' म्हटले असते तर ऐकणारा पुल्लिंगी वस्तूच शोधत बसला असता आणि हापसा लवकर सापडला असता. सोंग बाईचे, म्हणून क्रियापदही बाईचे. ही फसवणूक नाही, कारण व्याकरण सोंगाशी इमान राखते. 'ओळखा पाहू मी कोण' या शाळकरी पद्धतीत वस्तू स्वतःच बोलते, तेव्हा सोंगच उरत नाही आणि वस्तू आपले लिंग स्वतःच्या तोंडाने सांगून बसते. म्हणून ती कोडी लवकर फुटतात.

पाचवी पायरी: दोन कसोट्या

कोडे रचून झाले की त्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला: यातला प्रत्येक शब्द खरा आहे का? सोंगाच्या बाजूनेही आणि वस्तूच्या बाजूनेही. कारवीवर रचलेले माझे कोडे या कसोटीतून दोनदा नापास झाले. कारवी आपल्या डोंगरात सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरते. तिच्या वाळल्या काठ्यांचे कूड घराला करतात आणि त्यावर शेणमातीचा लेप देतात. मी आधी लिहिले होते, 'सात वर्षे रडली, आठव्या वर्षी हसली'. आजीने विचारले, "रडली कधी? हिरवीगार तर असते." बरोबर होते. फुलत नाही म्हणजे रडते असे मी गृहीत धरले होते, झाडाकडे पाहिले नव्हते. दुसऱ्या खेपेला 'मेल्यावर घर बांधते' असे लिहिले. ती म्हणाली, "घर बांधतो आम्ही. ती धरून बसते." शेवटी कोडे ठरले ते असे:

सात पावसाळे गप्प राहिली, एकदाच हसून गेली;
वाळली तरी पोरांची थंडी अंगावर घेऊन बसली.

दुसरा प्रश्न: याला आणखी एखादे उत्तर बसते का? शेवळाचे कोडे या कसोटीवर घडले. शेवळे पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येते. आधी फुलाचा कोंब येतो, पान मागाहून येते आणि ते छत्रीसारखे पसरते. हे सांगितल्यावर वाडीतल्या एका मुलाला एकदम सुचले: 'आधी आली नवरी, मागून आला मांडव.' मी खूश झालो. इतके नेमके रूपक मला सुचले नसते. पण दुसऱ्या पोराने लगेच उत्तर दिले, "पळस!" पळसही आधी फुलतो आणि पाने मागून येतात. उत्तर चूक म्हणता येईना. कोडे सुंदर होते, पण त्याला दोन दारे होती.

एक दार बंद करायला दुसरी ओळ लागली. शेवळाची भाजी नुसती शिजवली तर घशाला खाजते, म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळे घालतात. 'काकड' हा शब्द कोड्यात आणला असता तर उत्तर हातातच दिले असते. मुलांनी अर्धा तास वाद घालून हे ठरवले:

आधी आली नवरी, मागून आला मांडव;
वऱ्हाड जेवून उठले, घशाशी झाले भांडण.

लग्नाचे सोंग मोडले नाही, प्रत्येक शब्द खरा राहिला आणि पळसाचे दार बंद झाले. दुसरी ओळ यमकासाठी जोडायची नसते. ती दुसरे उत्तर हाकलण्यासाठी असते. जमवलेल्या कोड्यांकडे या नजरेने पाहिले तेव्हा लक्षात आले की ज्या ओळी मी 'पादपूरक' म्हणून मनातल्या मनात वगळत होतो, त्यांतल्या कितीतरी अशाच पहारेकरी होत्या.

सहावी पायरी: तोंडाने घासणे

कोडे कागदावर संपत नाही. ते म्हणून पाहावे लागते. दोन्ही अर्धांचे वजन सारखे पडते का, श्वास कुठे तुटतो, जड शब्द कुठे अडतो, हे म्हटल्याशिवाय कळत नाही. 'वृक्ष', 'जल', 'नेत्र' असले शब्द घातले की कोडे पुस्तकी होते. बोलीतला शब्द असेल तर तोच ठेवावा. मग ते चार जणांना घालावे आणि चुकीची उत्तरे मन लावून ऐकावीत. चुकीच्या उत्तरांतून आपले कोडे कुठे ढिले आहे ते दिसते. कोणीच सोडवू शकले नाही, तर तो आपला विजय मानू नये. उत्तर सांगितल्यावर ऐकणारा "अरे हो!" म्हणाला तर कोडे चांगले. "असं कसं?" म्हणाला तर पुन्हा बसावे.

उदाहरण म्हणून माझे एक ठेवतो. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जत स्टेशनात मागून जादा इंजिन लावतात आणि वर घाटमाथ्यावर लोणावळ्याला ते काढून घेतात. लोक त्याला बँकर म्हणतात. रेल्वेच्या आवाजावर वाढलेल्या आमच्या भागात हे उत्तर अंगणातलेच:

चढणभर पाठीशी उभा, माथ्यावर सोडतो हात;
स्वतःला कुठे जायचे नाही, परक्यांना देतो साथ.

कर्जतच्या पोरांनी हे दोन मिनिटांत सोडवले. पुण्यातल्या एका मित्राला आठवडाभर सुटले नाही. त्याने 'गुरू' असे उत्तर दिले. तेही वाईट नाही, पण गुरूला लोणावळ्याला सोडून येत नाहीत.

अक्षरांची कोडी आणि अंगणाची कोडी

इथे एका फरकाकडे लक्ष वेधतो. मराठी वाचकाला दुसऱ्याच प्रकारच्या कोड्यांची सवय आहे. तीन अक्षरी नाव, पहिले अक्षर काढले तर अमुक, मधले काढले तर तमुक. अशा कोड्यांना मोठी परंपरा आहे आणि पंडितांनी त्यात बुद्धीचे खेळ केले आहेत. पण ती सोडवायला अक्षर ओळखावे लागते. आजीला अक्षर येत नाही. तिच्यासमोर असे कोडे घालणे म्हणजे दाराला कुलूप लावून 'या ना आत' म्हणणे.

उलट तिच्या कोड्यांत मी अडतो. कोणत्या गवताने खरचटते, कोणते पाखरू कधी बोलते, राब भाजताना वारा कोणत्या अंगाने हवा, हे मला ठाऊक नाही. वाडीतली जी मुले शाळेत आपल्या बोलीमुळे संकोचून मागच्या बाकावर बसतात, तीच मुले अंगणात कोडी सुरू झाली की मला धडाधड हरवतात. कोडे घालणारा आणि सोडवणारा यांच्यात पदवी चालत नाही. ज्याने वस्तूकडे नीट पाहिले तो जिंकतो. आदिवासी मुलांबरोबर काम करणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्ट वापरून पाहावी असे मला मनापासून वाटते. आठवड्यातून एकदा मुलांनी शिक्षकांना कोडी घालावीत, मुलांच्या बोलीत, आणि शिक्षकांनी हरावे.

कोडी मरतात कशी

कोडी मरतात ती लोक विसरतात म्हणून, असे आपण समजतो. माझा अनुभव थोडा निराळा आहे. माझ्या वहीतली जात्याची कोडी वाडीतल्या सगळ्या पोरांना पाठ आहेत. कोडे सुरू होताच ती 'जातं' असे ओरडतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी जाते फिरताना पाहिलेलेच नाही. शब्द ओठावर आहेत, उत्तर ओठावर आहे आणि मध्ये वस्तू नाही. असे कोडे सामान्यज्ञानाचा प्रश्न होऊन बसते. पाठ असते, पण कोणी ते सोडवत नाही.

इरल्याचे वेगळेच झाले. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे इरले पाठीवर घेऊन पावसात आवणी करत. आता प्लास्टिकचा कागद सगळीकडे दिसतो. पावसात चालणारे घर या कल्पनेवरचे एक कोडे माझ्या वहीत होते. ते घातल्यावर एका लहान मुलाने विचार करून उत्तर दिले, "रिक्षा." मी चूक म्हणणार, इतक्यात आजी म्हणाली, "चालेल. तेही पावसात चालतं घरच." आणि खूप हसली. माझ्या उजव्या पानावर 'इरले' लिहिलेले होते. तिच्या लेखी ते पान कधीच बंद झालेले नव्हते.

तेव्हा माझ्या संग्रहाची मर्यादा मला कळली. संग्रह हवाच. तो नसता तर पूर्वीच्या लोकांनी काय पाहिले हे आपल्याला कळले नसते. पण वहीत ठेवलेली कोडी बियाण्याच्या मडक्यासारखी आहेत. पेरली नाहीत तर मडके भरलेले राहते आणि शेत ओस पडते. पेरायचे म्हणजे आजच्या वस्तूंवर नवी कोडी घडवायची. वाडीतल्या पोरांनी ती सुरूही केली आहेत. वाडीत मोबाईलला रेंज नाही, टेकडीवर चढले की येते. त्यावर नववीतल्या एका मुलाने केलेले हे कोडे:

घरात आला की मुका, टेकडीवर गेला की बोलका;
भाकर नको, पाणी नको, विजेवाचून भुकेला.

यात छेद आहे, एकच सोंग आहे, प्रत्येक शब्द खरा आहे आणि वाडीचा सगळा भूगोल आहे. शहरातल्या मुलाला पहिली ओळ खोटी वाटेल, कारण त्याचा मोबाईल घरातही बोलतो. प्रत्येक कोड्याला आपले अंगण असते ते असे.

आजीचे कोडे

मागच्या वर्षी, पावसाळा सरता सरता, मी वाडीवर गेलो होतो. आता माझ्याकडेही घालायला कोडी होती. बँकरचे घातले. आजीने सोडवले. मग म्हणाली, "आता माझं. जुनं नाय, नवं हाय. वहीत मिळायचं नाय."

पाठचं नाही, पोटचं नाही, जन्मापासून हाताशी;
भरल्या दुकानात म्हणालं, ही बाई कुणाची?

मी सावत्र मूल म्हणालो. काठी म्हणालो. पिशवी म्हणालो. सावली म्हणालो, तेव्हा तिने मान हलवली, "सावली हाताशी असते का?" पोरांना माहीत होते, ती तोंड दाबून हसत होती. शेवटी मी म्हणालो, "हरलो."

तिने उजव्या हाताचा अंगठा माझ्यासमोर धरला.

रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. विळा, कोयता, चूल आणि शेणमाती यांत आयुष्य गेलेल्या हाताच्या रेषा झिजतात. यंत्र त्या अंगठ्याला ओळखत नव्हते. ती दोनदा रिकामी पिशवी घेऊन डोंगर चढून परत आली होती. तिसऱ्या खेपेला नातवाचा अंगठा लागला आणि धान्य मिळाले.

तिने तक्रार केली नव्हती. केली असती तर मी 'अरेरे' म्हणून विसरलो असतो. कोड्याने मला तसे विसरू दिले नाही. मी चार चुकीची उत्तरे दिली होती. त्या चारही वेळा मी त्या दुकानात उभा होतो, गर्दीत, आपलेच कोणीतरी आपल्याला ओळखत नाही म्हणून शोधत. उत्तर मिळाले तेव्हा ते बाहेरून आलेले नव्हते, माझ्या स्वतःच्या हातालाही ते होते. रूपक, छेद, खरेपणा असे जे मी पुस्तकांतून आणि वर्षांच्या खटपटीतून शिकलो, ते तिने एका अपमानातून दोन ओळींत करून दाखवले होते. आणि तिच्या कोड्यात दुसरे दार नव्हते. मी सगळी भिंत चाचपून पाहिली होती.

मला वाटते कोडे घडवण्याचे खरे कारण इथे आहे. जे रोज समोर असते आणि म्हणून दिसत नाही, ते दुसऱ्याला पाहायला लावणे. उन्हाळ्यात कण्हणारा हापसा, टेकडीवरच बोलणारा फोन, न ओळखणारा अंगठा. वाडीचे हे तिन्ही प्रश्न कागदांवर अनेकदा लिहून झाले असतील. कोड्यात आले की ऐकणाऱ्याला त्यांच्यापाशी थांबावे लागते आणि उत्तरासाठी 'हरलो' म्हणावे लागते.

वाचकांना एकच सुचवतो. या दिवाळीत फराळाला चार माणसे जमली की प्रत्येकाने घरातली एक वस्तू निवडावी, तिचे नाव विसरून तिच्याकडे पाच मिनिटे पाहावे आणि एक कोडे घालावे. अक्षरांचे नको, अंगणाचे. घरात कोणी वाचता न येणारे वडीलधारे असतील, तर पहिला मान त्यांना द्यावा. सुरुवातीला जमणार नाही. मलाही जमले नव्हते. नमुन्यासाठी एक सोपे देतो:

वर्षभर माळ्यावर झोपतो, चार रात्री दारात जागतो;
पोटात दिवा ठेवला, तरी कागदाचे कपडे घालतो.

उत्तर शेजारी लिहीत नाही. आजी हा अंक वाचणार नाही, पण तिचा नातू वाचील आणि तिला सांगील.